चेल्टनहॅमच्या चढावर पैजेचे गणित

११ मार्च २०२५ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे 'चॅम्पियन हर्डल' ही शर्यत सुरू झाली, तेव्हा 'कॉन्स्टिट्यूशन हिल' या घोड्याचा भाव दोनास एक होता. दोन पौंड लावणाऱ्याला तो जिंकल्यास जेमतेम एक पौंड नफा! तोवर हर्डल शर्यतीत तो एकदाही हरलेला नव्हता. त्या दिवशी मात्र तो वाटेतच कोसळला. मग आघाडीवर आलेला गतविजेता 'स्टेट मॅन' अखेरच्या अडथळ्यावर आडवा झाला आणि एकास पंचवीस भावाची 'गोल्डन एस' ही घोडी विजयी ठरली. तीनच दिवसांनी, सलग तिसऱ्या 'गोल्ड कप'साठी उतरलेला 'गॅलोपिन दे शाँ' तेरास आठ अशा भावात दुसरा आला. त्याच शुक्रवारी 'ट्रायम्फ हर्डल' जिंकणाऱ्या 'पोनिरोस'चा भाव होता एकास शंभर. त्याआधी तो हर्डल शर्यतीत एकदाही धावलेला नव्हता.

असे निकाल लागले की 'फेव्हरिटवर पैसा लावणे हा मूर्खपणा' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो चुकीचा आहे. दोनास एक या भावाचा अर्थच मुळी असा, की बाजाराच्या मते हा घोडा तीनपैकी दोन वेळा जिंकेल. म्हणजे तीनपैकी एकदा तो हरणारच, हे भावातच लिहिलेले आहे. पैजेच्या साऱ्या विचाराचा आरंभ येथून होतो. कोणता घोडा जिंकेल हा प्रश्न गप्पांपुरता ठीक. हिशेब ठेवणारा पंटर वेगळे विचारतो : या घोड्याच्या जिंकण्याच्या शक्यतेच्या मानाने मिळणारा भाव पुरेसा आहे काय?

चार दिवस, २८ शर्यती

अडथळ्यांच्या शर्यतींचा हा सर्वात मानाचा महोत्सव दरवर्षी मार्चच्या मध्यास ग्लॉस्टरशायरमधील प्रेस्टबरी पार्क मैदानावर, क्लीव्ह हिलच्या पायथ्याशी भरतो. २००५ पासून तो चार दिवसांचा झाला. त्यापूर्वी तीन दिवसांचा होता. दिवसाला सात शर्यती. मंगळवारी चॅम्पियन हर्डल, बुधवारी क्वीन मदर चॅम्पियन चेस, गुरुवारी स्टेअर्स हर्डल आणि शुक्रवारी गोल्ड कप, हे चार दिवसांचे चार मानबिंदू. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरील सपाट शर्यती पाहणाऱ्यांना येथील अंतरे अचंबित करणारी वाटतील. इंडियन डर्बी २,४०० मीटरची. गोल्ड कप सुमारे ५.३ किलोमीटरचा आणि वाटेत २२ उंच कुंपणे. हर्डल शर्यतींतील अडथळे तुलनेने बुटके व लवचिक, तर 'चेस'मधील कुंपणे साडेचार फुटांची. उडी चुकणे, पडणे, पडलेल्या घोड्यामुळे दुसऱ्याचा मार्ग अडणे हे या खेळाचे नित्याचे भाग आहेत. सपाट शर्यतीत न भेटणारी ही अनिश्चितता गृहीत धरूनच येथील भाव ठरतात.

भावातला बुकीचा वाटा

भावाचे शक्यतेत रूपांतर करणे सोपे आहे. एकास चार म्हणजे पाचात एक, २० टक्के. तेरास आठ म्हणजे एकवीसात तेरा, सुमारे ६२ टक्के. आता आठ घोड्यांची एक काल्पनिक शर्यत घ्या. एकास दोन, तीन, पाच, सहा, दहा, चौदा, वीस आणि तेहेतीस असे आठांचे भाव. प्रत्येकाची टक्केवारी काढून बेरीज केली तर ती १०० येत नाही. सुमारे ११३ येते. जिंकणारा एकच असल्यामुळे खऱ्या शक्यतांची बेरीज १०० च असणार. वरचे १३ हा बुकीचा वाटा. सर्व घोड्यांवर त्यांच्या भावाच्या प्रमाणात पैसे लावणाऱ्याला शंभर पौंडांमागे सुमारे ८९ परत मिळतील, मग जिंको कोणीही.

हा वाटा सर्व घोड्यांत सारखा विभागलेला नसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले, की लोक लांबच्या भावाच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. ब्रिटनमधील बुकींच्या भावांतही हीच प्रवृत्ती पुढील अभ्यासांत वारंवार आढळली. याचा व्यवहारी अर्थ असा, की एकास शंभर भावाचे घोडे शंभरात एकदा जिंकत नाहीत. त्याहून पुष्कळ कमी वेळा जिंकतात. पोनिरोस लक्षात राहतो. त्याच भावात मागे राहिलेल्या घोड्यांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही. १९९० चा गोल्ड कप एकास शंभर भावाने जिंकणाऱ्या 'नॉर्टन्स कॉइन'चे नाव मात्र पस्तीस वर्षांनंतरही निघते. त्याचे ट्रेनर सिरेल ग्रिफिथ्स हे वेल्समधील दूधव्यवसाय करणारे शेतकरी, मग ते निघणारच.

दुसऱ्या टोकाला 'आर्कल' आहे. १९६६ च्या गोल्ड कपमध्ये त्याचा भाव दहास एक होता आणि तो तीस लेंग्थने जिंकला. निकालाची इतकी खात्री क्वचितच असते; पण दहा पौंड लावून एक पौंड मिळवणाऱ्याने एकदा जरी हार पाहिली, तरी त्याचे दहा विजय धुऊन निघतात.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट भावात आधीच शिरलेली असते, हेही विसरून चालत नाही. आयर्लंडचे ट्रेनर विली मलिन्स यांनी २०२४ मध्ये या महोत्सवातील शंभरावा विजय नोंदवला. २०२१ मध्ये २८ पैकी २३ शर्यती आयरिश घोड्यांनी जिंकल्या. 'मलिन्सच्या घोड्यांवर लावा' हा सल्ला म्हणूनच चूक नाही, पण निरुपयोगी आहे. तोच सल्ला मिळालेल्या लाखो जणांनी तो भाव आधीच खाली आणलेला असतो. उपयोगाचा प्रश्न निराळा. मलिन्स एकाच शर्यतीत अनेक घोडे उतरवतात, त्यांचा पहिला जॉकी त्यांतील एक निवडतो आणि बाजार त्या निवडीच्या मागे धावतो. मग त्याच तबेल्यातील दुसऱ्या-तिसऱ्या घोड्याचा भाव प्रमाणाबाहेर लांबतो काय? पोनिरोसच्या शर्यतीत मलिन्स यांचेच दहाहून अधिक घोडे होते.

चढ आणि चिखल

चेल्टनहॅमची धावपट्टी डावीकडे वळणारी, वरखाली होणारी आणि शेवटी दमवणाऱ्या चढाची आहे. उतारावरून वेगात खाली आलेला घोडा अखेरच्या उडीनंतर चढाला लागतो आणि तेथे अनेकांचा डाव फिरतो. दुसऱ्या सपाट मैदानावर पाच लेंग्थने जिंकलेला घोडा येथे जिंकेलच असे नाही. म्हणून या मैदानावरील पूर्वीची कामगिरी जाणकार फार बारकाईने पाहतात. निव्वळ विजय नव्हे, तर चढावर तो घोडा पुढे सरकत होता की मागे पडत होता, हे.

शिवाय येथे धावपट्ट्या दोन आहेत. मंगळवार-बुधवारच्या शर्यती जुन्या धावपट्टीवर, गुरुवार-शुक्रवारच्या नव्या धावपट्टीवर. जुनी थोडी आखूड वळणांची. तेथे पुढे राहून धावणाऱ्या चपळ घोड्याला लाभ होतो. नवीवर दम अधिक लागतो, आणि तेथील हर्डल शर्यतींत अखेरच्या लांब टप्प्यात अडथळे फारच थोडे असल्याने उडीतले कौशल्य कमी व निव्वळ धाव जास्त कामी येते. 'चेल्टनहॅमवर जिंकलेला' एवढीच नोंद वाचून पैज लावणारा हा फरक गमावतो.

जमिनीची अवस्था हा दुसरा घटक. मुंबई-पुण्यात पेनेट्रोमीटरचा आकडा पाहिला जातो, तसा ब्रिटनमध्ये गोइंगस्टिकचा. कोरडे हवामान असल्यास मैदानाला पाणी दिले जाते, जेणेकरून जमीन कडक होऊ नये. पाऊस झाल्यास दोन दिवसांत चित्र पालटते. हिवाळाभर चिखलात जिंकत आलेला घोडा मार्चच्या सुकत्या जमिनीवर दोन पावले मागे पडतो, तेव्हा तो बिघडलेला नसतो. जमीन बदललेली असते. पैज आदल्या आठवड्याऐवजी त्या सकाळी लावण्याचे हे सर्वात सबळ कारण.

'ईच-वे'चे हिशेब

महोत्सवातील मोठ्या हँडिकॅप शर्यतींत, म्हणजे कोरल कप, काउंटी हर्डल, पर्टेम्प्स फायनल अशांत, वीसहून अधिक घोडे उतरतात. रेटिंगनुसार वजन देऊन सर्वांना एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न हँडिकॅपर करतो. तर काही ट्रेनर हिवाळाभर घोड्याचे खरे बळ झाकून त्याला कमी वजनात येथे आणण्याच्या खटपटीत असतात. अशा गर्दीत विजेता हेरणे अवघड. म्हणून 'ईच-वे' पैज लोकप्रिय आहे. तीत अर्धी रक्कम विजयावर आणि अर्धी ठरावीक स्थानांत येण्यावर लागते.

प्रचलित अटी अशा : सोळा वा अधिक घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये पहिली चार स्थाने, भावाच्या एक चतुर्थांश दराने. हँडिकॅप नसलेल्या शर्यतीत आठ वा अधिक घोडे असतील तर तीन स्थाने, एक पंचमांश दराने. पाच ते सात घोडे असतील तर दोनच. एकास वीस भावाच्या घोड्यावर दहा पौंडांची ईच-वे पैज म्हणजे एकूण वीस पौंड. तो तिसरा आला तर स्थानाचा दर एकास पाच, हाती साठ पौंड, नफा चाळीस. ठीक. पण हाच प्रकार एकास तीन भावाच्या फेव्हरिटवर केला, तर स्थानाचा दर चारास तीन. घोडा चौथा आल्यास हाती साडेसतरा पौंड. लावले होते वीस! घोडा 'आला' आणि पैसे गेले, असा हा चमत्कारिक प्रकार. छोट्या भावावर ईच-वे खेळू नये, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

आणखी एक खाच आहे. बरोबर आठ घोड्यांची शर्यत असेल आणि सकाळी एक घोडा मागे घेतला गेला, तर स्थाने तीनवरून दोनवर येतात. उलट महोत्सवाच्या आठवड्यात ग्राहक ओढण्यासाठी अनेक कंपन्या पाच, सहा स्थाने देऊ करतात. मात्र त्याच वेळी दर एक चतुर्थांशावरून एक पंचमांशावर आणला आहे काय, हे जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत नसते. घोडा मागे घेतल्याने उरलेल्यांच्या नफ्यातून कपात करणारा 'नियम ४' हाही असाच. मागे घेतलेला घोडा जितका फेव्हरिट, तितकी कपात मोठी; ती पौंडामागे ९० पेन्सपर्यंत जाऊ शकते.

आगाऊ पैज

शर्यतीच्या कित्येक आठवडे, प्रसंगी वर्षभर आधी लावलेल्या पैजेला 'अँटी-पोस्ट' म्हणतात. भाव मोठा मिळतो. पण घोडा उतरलाच नाही तर रक्कम बुडते. अडथळ्यांच्या शर्यतींतील घोडे वारंवार जायबंदी होतात. त्याहून फसवे म्हणजे मालक अखेरच्या क्षणी दुसरी शर्यत निवडतो. एकाच घोड्याची दोन-तीन शर्यतींत नोंदणी असणे येथे सर्रास आहे. त्यामुळे आगाऊ भावात 'जिंकेल काय' या शक्यतेला 'या शर्यतीत उतरेल काय' या शक्यतेने गुणावे लागते. जिंकण्याची शक्यता २० टक्के आणि उतरण्याची ७० टक्के असेल, तर खरी शक्यता १४ टक्के उरते. अशा वेळी एकास पाच हा भाव आकर्षक दिसतो, पण पुरेसा नसतो. तेथे एकास सहाहून थोडा जास्त भाव हवा.

उलटा प्रकारही घडतो. २०२५ चा गोल्ड कप जिंकणारा 'इनोदवेयुअरथिंकिन' मूळ नोंदणीत नव्हताच. फेब्रुवारीतल्या आयरिश गोल्ड कपनंतर जादा शुल्क भरून त्याला पुरवणी प्रवेश देण्यात आला आणि दोनास पंधरा भावाने तो जिंकला. महोत्सव जवळ आला की बहुतेक कंपन्या 'घोडा न उतरल्यास रक्कम परत' ही सवलत देतात. भाव किंचित कमी होतो, पण मोठी जोखीम टळते. डब्लिनजवळील लेपर्डस्टाउन येथे २०१८ पासून फेब्रुवारीच्या आरंभी होणारा डब्लिन रेसिंग फेस्टिव्हल उरकल्यावर चित्र बरेच स्पष्ट होते.

साखळीचा मोह

१० मार्च २०१५. मलिन्स यांचे 'डूव्हान', 'अन दे सो' आणि 'फॉगीन' असे तिन्ही फेव्हरिट घोडे पहिल्याच दिवशी जिंकले. चौथी 'ॲनी पॉवर'. चौघांना एका साखळीत गुंफून पैज लावणाऱ्यांची संख्या इतकी होती, की ती जिंकल्यास बुकींना कोट्यवधी पौंडांचा फटका बसला असता. ती अखेरच्या अडथळ्यापर्यंत आघाडीवर होती. आणि तेथेच पडली.

हे दुर्दैव म्हणून सांगितले जाते. त्यामागचे गणित फारसे सांगितले जात नाही. समजा, चार घोडे प्रत्येकी सहास चार या भावाचे आहेत. भावानुसार प्रत्येकाची शक्यता ६० टक्के. बुकीचा वाटा वजा जाता खरी ५६ टक्के. एकेका घोड्यावर सुटी पैज लावल्यास शंभर पौंडांमागे सरासरी ९३ परत येतात. चौघांची साखळी केल्यास परतावा साडेसात पटींच्या वर जातो, पण चारही जिंकण्याची शक्यता उरते दहा टक्क्यांहून कमी. सरासरी परत येतात ७६. म्हणजे सात टक्क्यांचा वाटा चोवीस टक्क्यांचा झाला. साखळीतील प्रत्येक कडीबरोबर बुकीचा वाटाही गुणला जातो. या पैजेच्या जाहिराती सर्वात ठळक का असतात, याचे उत्तर यात आहे.

जुन्या आकड्यांवर विसंबण्याचा छंदही असाच महाग पडतो. पाच वर्षांचा घोडा चॅम्पियन हर्डल जिंकत नाही, हे १९८५ च्या 'सी यू देन'नंतर दोन दशके ब्रह्मवाक्य होते. २००८ मध्ये 'कॅचिट'ने ते मोडले. नवशिका घोडा गोल्ड कप जिंकत नाही, असे १९७४ पासून म्हटले जाई. २०१५ मध्ये 'कॉनीग्री' जिंकला. वर्षाला एकच निकाल देणाऱ्या शर्यतीतून काढलेले 'दहा वर्षांचे कल' म्हणजे दहा निकाल, इतकेच. त्यांमागे काही कारण दाखवता आले तर विचार करावा. नुसता योगायोग असेल तर सोडून द्यावा.

२००० मध्ये 'बेटफेअर' सुरू झाल्यापासून पंटर एकमेकांशीच पैज लावू शकतात. घोडा हरेल यावरही पैसे लावता येतात. बुकीचा वाटा नसल्याने भाव खऱ्या शक्यतेच्या जवळ असतो; कंपनी निव्वळ नफ्यावर कमिशन घेते. परंतु एकास पाच भावाचा घोडा हरेल म्हणून दहा पौंडांची पैज घेणाऱ्याला तो जिंकल्यास पन्नास पौंड मोजावे लागतात, हे नवख्याच्या ध्यानात उशिरा येते. धावत्या शर्यतीत पैज लावणे तर आणखी धोक्याचे. २०२० च्या ट्रायम्फ हर्डलमध्ये 'गोशेन' कित्येक लेंग्थ पुढे असताना अखेरच्या अडथळ्यावर त्याचा जॉकी खाली आला. त्या क्षणाआधी 'निकाल लागलाच' असे समजून क्षुल्लक भावात रक्कम लावलेल्यांना तो अडथळा आठवत असेल.

डाव किती?

भाव पुरेसा आहे असे ठरले, तरी किती लावावे? याचे सूत्र १९५६ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जचे जॉन केली यांनी मांडले. एकास चार भावाच्या घोड्याची शक्यता पंटरच्या मते २० ऐवजी २५ टक्के असेल, तर हे सूत्र एकूण राखीव रकमेच्या सव्वासहा टक्के लावण्यास सांगते. एवढी खात्री असूनही सोळाव्या हिश्शाइतकीच रक्कम! आणि तो अंदाज चुकीचा असण्याची शक्यता धरून अनेक जण त्याच्याही निम्मेच लावतात. भाव शक्यतेपेक्षा कमी असेल, तर सूत्राचे उत्तर शून्याखाली जाते. म्हणजे पैजच लावू नये. २८ शर्यतींपैकी बहुतेकांत प्रामाणिक उत्तर हेच निघते. चार दिवसांत सातही शर्यतींत 'काहीतरी' लावणारा आणि सायंकाळी तोटा भरून काढण्यासाठी रक्कम दुप्पट करणारा, हे दोघे बुकींचे खरे अन्नदाते. सातत्याने जिंकणाऱ्या ग्राहकाची मर्यादा काही पौंडांवर आणण्याची मुभा बुकी स्वतःकडे राखून असतात, हे त्या व्यवसायाचे उघड गुपित.

ब्रिटनमध्ये पैजेची दुकाने मे १९६१ पासून कायदेशीर आहेत. पंटरच्या खिशातून जाणारा पैजेवरील कर ऑक्टोबर २००१ मध्ये रद्द झाला. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने पैज लावण्यास बंदी आहे. ज्याला स्वतःला आवर घालता येत नाही, त्याच्यासाठी 'गॅमस्टॉप' ही योजना आहे. तीत नाव नोंदवल्यास परवानाधारक सर्व संकेतस्थळे त्याला ठरावीक मुदतीपर्यंत दारे बंद करतात.

भारतातील चित्र वेगळे आहे. घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला आणि रेसकोर्सवरील टोट व परवानाधारक बुकींचा व्यवहार त्या आधारे चालतो. मात्र शर्यतींच्या पैजेवरील जीएसटी ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला; त्यात कौशल्य आणि नशीब असा भेद ठेवलेला नाही. परदेशी संकेतस्थळांच्या चेल्टनहॅमविषयीच्या मराठी-हिंदी जाहिराती मोबाइलवर दिसल्या, तरी त्यावर हा तपशील नसतो.